डांबरी रस्त्याचें वार्धक्य

रस्ता चाकांनीं झिजतो आणि पावसानें खचतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरीच आहे. परंतु ज्यावरून एकही गाडी गेली नाहीं असा डांबरी रस्ताही नुसत्या हवेनें म्हातारा होतो. हें वार्धक्य ओळखून मोजण्यास मनुष्याला बरींच वर्षें लागलीं.

१८७६ सालीं वॉशिंग्टन शहरांतील पेन्सिल्व्हेनिया अॅव्हेन्यूच्या एका भागावर त्रिनिदाद बेटांतील सरोवराचें अस्फाल्ट, म्हणजे नैसर्गिक डांबर, अंथरण्याचें काम निघालें. त्या काळीं डांबराचा मऊपणा पारखण्याचें साधन म्हणजे तपासनिसाचे दांत! तुकडा चघळून तो निर्णय देई. १८८८ मध्यें बोवेन यानें ठराविक वजनाची सुई डांबरांत किती शिरते तें मोजणारें यंत्र काढलें, आणि दांतांना सुटी मिळाली. १९०३ मध्यें डाऊ यानें डांबर बराच वेळ तापवून त्याच्या वजनांत व मऊपणांत पडणारा फरक तपासला. १९१३ मध्यें हबर्ड आणि रीव्ह यांनीं उघड्या हवेंत ठेवलेल्या डांबरांतील बदल नोंदले.

यांतून कारण उलगडत गेलें. डांबरांतील हलका तेलकट अंश उडून जातो. हवेंतील प्राणवायु उरलेल्या भागाशीं संयोग पावतो व त्याचे रेणु एकमेकांस अधिक घट्ट धरूं लागतात. रस्ता कठीण होतो, उन्हांत दबत नाहीं. म्हणून तो बळकट झाल्याचा भास होतो. परंतु थंडीनें आकसतांना तो ताणला न जातां तडकतो, आणि त्या भेगेंतून मग पाणी शिरतें.

हा ऱ्हास सर्वांत वेगानें होतो तो मात्र रस्ता होण्यापूर्वींच! तापलेल्या खडीवर डांबराचा पातळ थर बसतो त्या थोड्या वेळांत त्याचा पुष्कळ मऊपणा जातो. १९४० मध्यें लुइस व वेलबोर्न यांनीं डांबराचा अष्टमांश इंच थर १६३ अंश सेंटिग्रेडवर ५ तास तापवून ही अवस्था प्रयोगशाळेंत आणली. पुढें १९८७ सालीं अमेरिकेंत सुरू झालेल्या महामार्ग-संशोधनांतून दाबपात्राची कसोटी निघाली. तींत सुमारें २० पट हवेच्या दाबाखालीं डांबर २० तास ठेवून अनेक वर्षांचें वार्धक्य आधींच पाहतां येतें.

वार्धक्य टळत नाहीं, लांबवितां येतें. डांबर फाजील तापवूं नये, खडीवर त्याचा थर पुरेसा असावा आणि रोलर नीट फिरवून हवेस वाट ठेवूं नये. उद्घाटनाच्या दिवशीं चांगला व वाईट रस्ता सारखेच काळेभोर दिसतात. त्यांतील फरक पुढचीं वर्षें दाखवितात.