उभ्या वल्ह्याची कुळकथा

होनोलुलूच्या वायकीकी किनाऱ्यावर १९०१ साली मोआना हॉटेल उघडलं आणि अमेरिकेतून बोटीनं येणाऱ्या पाहुण्यांची तिथे रीघ लागली. चांगली मोठी, मिळवती माणसं. पण लाटेवर कधी पाऊल न ठेवलेली. त्यांना लाकडी फळीवर चढवून लाटेबरोबर किनाऱ्याकडे सोडायचं काम स्थानिक तरुण करू लागले. त्यांना ‘बीचबॉय’ म्हणत. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर पोहण्याचं सुवर्णपदक मिळवणारा ड्यूक कहानामोकू याच किनाऱ्यावरचा.

शिकवणाऱ्याची एक अडचण होती. फळीवर पालथं पडून हातांनी पाणी मारत गेलं, की डोकं पाण्यापासून जेमतेम हातभर वर. चार शिकाऊ पाण्यात विखुरलेले, मध्ये एक लाट उठली की चौघेही दिसेनासे. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्याला काही बीचबॉय होडीचं वल्हं हातात घेऊन फळीवर सरळ उभे राहू लागले. नजर पाच-साडेपाच फुटांवर गेली. कोण दमलं, कोण भरकटलं, मागून केवढी लाट येते आहे, सगळं एका दृष्टिक्षेपात. गळ्यात कॅमेरा अडकवला, तर पाहुण्यांचे फोटोही काढता येत. जॉन ‘पॉप्स’ आह चॉय आणि त्यांची मुलं लिरॉय व बॉबी यांची नावं या चालीशी कायमची जोडली गेली आहेत. बॉबीला मोटार अपघातात दुखापत झाली होती, त्याला गुडघ्यांवर बसता येईना, म्हणून तो उभा राहिला, असं तिथले लोक सांगतात.

आज पॅडलबोर्डिंग, म्हणजे फळीवर उभं राहून वल्हवणं, म्हटलं की डोळ्यांसमोर पिळदार शरीराचे विशीतले तरुण येतात. त्याची मुळं मात्र अशी आहेत: मोठ्या वयात शिकायला आलेली माणसं, त्यांच्यावर नजर ठेवणारा गुरू आणि वाकू न शकणारा गुडघा. चाळिशीत हे शिकायला निघालेल्या अंधेरीच्या किंवा मुलुंडच्या माणसानं संकोच करण्याचं काहीच कारण नाही. हा खेळ त्याच्यासारख्यांच्याच पायी जन्माला आला.

या खेळाला दोन कुळं आहेत, एक फळीचं आणि एक वल्ह्याचं. फळीचं कूळ हवाईच्या सरदारांपर्यंत जातं. ‘ओलो’ नावाच्या त्यांच्या लाकडी फळ्या फार लांब आणि जड असत. टॉम ब्लेक नावाच्या अमेरिकनानं १९२६च्या सुमारास होनोलुलूच्या बिशप म्युझियममधल्या जुन्या फळ्या डागडुजी करून पाहिल्या आणि त्या नमुन्यावरून आतून पोकळ, हलकी फळी घडवली. १९३२ साली त्याला तिचं पेटंट मिळालं. पॅडलबोर्ड हे नाव आधी या फळीचं; तिच्यावर पालथं पडून हातांनीच पुढे जायचं असे.

वल्ह्याचं कूळ मराठी माणसाला जास्त जवळचं आहे. बीचबॉय जे वल्हं उचलत, ते हवाईच्या उलांडीच्या होडीचं. होडीच्या एका अंगाला आडव्या काठ्यांनी जोडलेला लाकडी ओंडका म्हणजे उलांडी. अरुंद होडी त्यामुळे कलंडत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापणीच्या होड्यांना हीच उलांडी दिसते आणि गोव्यातही दिसते. मद्रास इलाख्याच्या मत्स्यखात्यात काम केलेल्या जेम्स हॉर्नेल यांनी १९२० साली भारतीय होड्यांच्या घडणीवर एक मोठा निबंध प्रसिद्ध केला. आपल्या किनाऱ्यावरची उलांडी पूर्वेकडच्या बेटांवरून आलेल्या दर्यावर्दींची देणगी असावी, असं त्यांनी त्यात मांडलं. आग्नेय आशियातून निघालेले हेच लोक एकीकडे हवाईला पोहोचले आणि दुसरीकडे मादागास्करला. हॉर्नेल यांचं म्हणणं धरलं, तर वायकीकीचं वल्हं आणि मालवणची उलांडी ही लांबची भावंडं ठरतात. मला हे नातं फार मोलाचं वाटतं, कारण त्यामुळे परदेशी म्हणून दाखवला जाणारा हा खेळ कोकणच्या दर्याला अगदीच परका राहत नाही.

मधली काही दशकं ही चाल वायकीकीबाहेर फारशी गेली नाही. १९९०च्या दशकात माउई बेटावर लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या सर्फरनी मोठ्या बोर्डांवर उभं राहून वल्हवायला सुरुवात केली आणि लांब दांड्याची वल्ही त्यासाठी मुद्दाम करवून घेतली. २००३च्या सुमारास हवाईतल्याच मकाहाच्या एका नावाजलेल्या स्पर्धेत ब्रायन केआउलाना यांनी या प्रकाराला वेगळा गट दिला. २०१२ साली पेरूत आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेची या प्रकारातली पहिली जागतिक स्पर्धा झाली. मग भांडण लागलं. सर्फिंगवाले म्हणाले, फळी आमची. कनूवाले म्हणाले, वल्हं आमचं. प्रकरण क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि ऑगस्ट २०२०मध्ये लवादानं ऑलिंपिकपुरता ताबा सर्फिंग संघटनेकडे दिला; कनूवाल्यांना आपल्या स्पर्धा घ्यायला मुभा ठेवली.

हा बोर्ड मुंबईच्या दोन खोल्यांच्या घरात शिरला, त्याचं श्रेय एका विमानाला द्यावं लागतं. गुडइयर कंपनीनं १९५६ साली अमेरिकी सैन्यासाठी हवा भरून फुगवायचं विमान केलं होतं. त्याच्या पंखात कापडाचे दोन थर असंख्य दोऱ्यांनी आतून एकमेकांना बांधलेले होते; हवा भरली की पंख फुगून गोल न होता सपाट राही. तीच युक्ती आजच्या हवेच्या बोर्डात आहे. हातपंपानं दर चौरस इंचाला पंधरा पौंडांच्या आसपास दाब भरला, की रबरी गुंडाळीची साडेदहा फुटांची टणक फळी होते. हवा काढली की पाठीवरच्या पिशवीत मावते, माळ्यावर ठेवता येते, विरार लोकलच्या लगेजच्या डब्यातून नेता येते.

न्यायचा कुठे, हा खरा प्रश्न. उपनगरांना पाणी आहे, पण नवशिक्याजोगं थोडं. पवई तलावात मगरी आहेत. विहार आणि तुळशी पिण्याच्या पाण्याचे तलाव. ठाण्याची खाडी चिखलाची आणि रोहित पक्ष्यांची, २०२२पासून रामसर यादीतली. मालाडच्या खाडीत सांडपाणी येतं. आक्सा किनारा बुडणाऱ्यांमुळे बदनाम. पावसाळ्यात तर समुद्राचं नावच काढायला नको. म्हणून बरेच जण सुट्टीच्या दिवशी पवना धरण किंवा कोलाड गाठतात.

वर्सोवा, मढ, मनोरीकडे हिवाळ्यात जायचंच असेल, तर पंचांग आणि वारा दोन्ही पाहावे लागतात. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. एकादशीला अकराची पाऊणपट, म्हणजे सव्वाआठ. सकाळी सातला पाण्यात उतरणाऱ्याला तासभर चढती भरती किनाऱ्याकडेच ढकलत राहते. अष्टमीला भांगाची भरती, म्हणजे ओढ कमी. पण ती सहालाच भरते आणि सातला पाणी उतरू लागलेलं असतं. त्याच वेळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो. उभ्या माणसाचं अंग शिडासारखं वारा धरतं. पाणी कितीही शांत दिसलं, तरी ओहोटी आणि मतलई मिळून नवशिक्याला बाहेर नेतात. अशा वेळी ताबडतोब गुडघ्यांवर बसायचं आणि किनारा गाठायचा. त्या गावच्या कोळ्याला विचारल्याशिवाय बोर्ड पाण्यात घालू नये, हे मी ठामपणे सांगेन.

बोर्डाच्या मध्यावर उचलण्याची मूठ असते. तिच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकून आधी बसतच वल्हवायचं. मग वल्हं आडवं ठेवून एकेक पाऊल गुडघ्याच्या जागी आणायचं आणि हळूहळू उठायचं. प्रौढ शिकाऊ इथे हमखास दोन गोष्टी करतो. तो आपल्या पायांकडे बघतो आणि थांबून राहतो. नजर खाली गेली की तोल जातो आणि थांबलेला बोर्ड चालत्या बोर्डापेक्षा जास्त डुलतो. समोर लांबवर पाहून लगेच वल्हं मारलं, तर पाण्यातलं पातंच आधार देतं. पातं दांड्याशी किंचित वाकलेलं असतं. हा बाक पुढच्या दिशेला ठेवायचा. पहिल्या दिवशी जवळजवळ सगळेच ते उलटं धरतात, कारण डोळ्याला उलटंच बरोबर वाटतं.

पडणं अटळ. बोर्डापासून दूर, पाण्यात पडायचं. घोट्याला बांधलेली दोरी बोर्ड जवळ ठेवते. वाहत्या नदीत मात्र ती घोट्याला बांधू नये. कुठे अडकली तर पाण्याखाली हात पोहोचत नाही, म्हणून तिथे झटक्यात सुटणारा कंबरपट्टा लावतात. परत चढताना दंडांवर भार न देता मूठ पकडायची, पाय मागे लांब करून जोरात मारायचे आणि पोटावर सरकत वर यायचं. लाइफ जॅकेट घालूनही हे जमलं पाहिजे. पोहणं येत नसेल, तर आधी तेच. अंधेरीचं शहाजीराजे क्रीडा संकुल, मुलुंडचा प्रियदर्शिनी तलाव, कांदिवलीचा सरदार पटेल तलाव ही पालिकेची ठिकाणं त्यासाठी घराजवळ आहेत.

मोठेपणी वल्हं हातात घेऊन माणूस कुठवर जातो, याचं मुंबईतलं उदाहरण कौस्तुभ खाडे. नोकरीधंद्याच्या वयात कयाकिंगकडे वळलेला हा इंजिनिअर २०१५ साली मुंबईहून एकट्यानं कयाक वल्हवत निघाला आणि गोव्याला पोहोचला. कयाकला दोन पात्यांचं वल्हं आणि बसायची जागा. पण वारा, भरती आणि खडक वाचायची विद्या तीच.

उभ्यानं वल्हवण्याचं भारतातलं मोठं केंद्र मात्र मंगळूरजवळच्या मुल्कीला आहे. तिथे २००४पासून सर्फिंग शिकवलं जातं आणि मार्च २०२४मध्ये या खेळाच्या जागतिक मालिकेतली स्पर्धा भारतात प्रथमच तिथे झाली. मुल्कीला शांभवी नदी समुद्राला मिळते. तिच्या संथ पाण्यावर नवशिक्यांना आधी उभं करतात, समुद्रावर नंतर नेतात. घाटकोपर-कुर्ल्याच्या माणसाला ती जागा वाटते तितकी दूर नाही: लोकमान्य टिळक टर्मिनसवरून मंगळूरची गाडी धरायची, मुल्की कोकण रेल्वेच्या वाटेवरच आहे.