ललिता पवार : एका चरित्र-अभिनेत्रीची दीर्घ वाटचाल

सुनेला छळणाऱ्या सासूची गोष्ट निघाली, कीं महाराष्ट्रांतील अनेक घरांत एक नांव सहजच तोंडीं येत असे. तें नांव ललिता पवार यांचें. नटीचें नांव असें विशेषणासारखें वापरलें जावें, हा तिचा गौरव कीं तिच्यावर अन्याय, याचा निर्णय त्यांच्या साऱ्या कारकीर्दीकडे पाहूनच करावा लागतो.

नाशिक जिल्ह्यांतील येवलें हें पैठणीचें गांव. तेथें 18 एप्रिल 1916 रोजीं रेशमी व सुती कापडाचे व्यापारी लक्ष्मणराव सगुण यांच्या घरीं ही मुलगी जन्मली, नांव अंबा. 1913 सालीं दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळाली नाहीं व साळुंके या पुरुष नटाला लुगडें नेसावें लागलें. पंधरा वर्षांनीं, 1928 मध्यें, याच कथेवरील दुसऱ्या मूकपटांत व्यापाऱ्याची ही बारा वर्षांची मुलगी पडद्यावर आली. एवढ्या अल्प काळांत समाजाचें मन किती पालटलें, हें या एका गोष्टीवरून कळतें.

पुढें त्या नायिका झाल्या. ‘कैलास’ (1932) या मूकपटाच्या निर्मितींत त्यांचा वाटा होता, व ‘दुनिया क्या है’ (1938) या बोलपटाच्याहि. इतक्या कोवळ्या वयाच्या तरुणीनें कॅमेऱ्यापुढें उभें राहावें आणि पैशाचा हिशेबहि पाहावा, हें त्या काळीं विरळाच. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (1939) व विनायकांचा ‘अमृत’ (1941) यांमुळें मराठी प्रेक्षकांत त्यांचा चांगला लौकिक झाला.

आणि मग 1942 साल उजाडलें. ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रणांत एक थप्पड मारण्याचा प्रसंग होता. मारणारे होते मास्टर भगवान. आवेशाच्या भरांत हात प्रमाणाबाहेर जोरानें बसला. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली व डाव्या डोळ्याची शीर फुटली. बरींच वर्षें उपचार झाले, पण तो डोळा पूर्ववत् झाला नाहीं. जिचें रूप हेंच भांडवल, त्या नायिकेचा उद्योग तेथेंच संपावयाचा.

तो संपला नाहीं, बदलला. ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’ (1944) या चित्रांत त्या आनंदीबाई झाल्या. ‘ध’चा ‘मा’ ही म्हण ज्या बाईमुळें मराठींत रूढ झाली, तिची ही भूमिका. 1950 मध्यें शांतारामांच्या ‘दहेज’मध्यें हुंड्यासाठीं सुनेचा जीव नकोसा करणारी सासू त्यांनीं उभी केली, आणि सासूचा मुखवटा त्यांच्या मुखावर कायमचा चढला. अर्धवट मिटलेला डोळा हीच आतां दुष्टपणाची खूण ठरली. वास्तविक पाहतां शरीराचें व्यंग म्हणजे मनाचें व्यंग, हा संकेत जुना असला तरी न्याय्य नव्हे. चित्रपटवाल्यांनीं तो निःशंकपणें वापरला व प्रेक्षकांनीं निःशंकपणें मानला. बाईंनीं मात्र त्या डोळ्याचें रडगाणें न गातां त्यालाच अभिनयाला जुंपलें. भिवई किंचित् चढवून त्या अशा पाहत, कीं समोरचें पात्र वाक्य उच्चारण्यापूर्वींच अपराधी दिसूं लागे.

त्यांची खरी थोरवी मात्र या कजाग सासवांत शोधूं नये. ‘श्री 420’ (1955) मध्यें फूटपाथवर केळीं विकणारी गंगामाई भावासाठीं हुज्जत घालते, तिच्या तोंडची शिवीहि मायेची वाटते. ‘अनाडी’ (1959) मधील मिसेस डीसा ही तर त्यांची सर्वोत्तम भूमिका म्हणावी लागेल. भाडें थकविणाऱ्या राज कपूरला ही घरमालकीण दिवसभर फैलावर घेते आणि त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया करते. पुढें ज्या कंपनीचें मीठ तो खातो, तिच्याच विषारी औषधानें तिचा अंत होतो. एरवीं ही कथा भाबडी वाटली असती. राग व वात्सल्य हीं दोन्ही एकाच आवाजांत मिसळण्याचें कसब बाईंपाशीं होतें, म्हणून ती टिकली. या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. 1961 मध्यें संगीत नाटक अकादमीनेंहि त्यांचा सन्मान केला. ‘अनाडी’चेच दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी यांनीं ‘आनंद’ (1971) मध्यें त्यांना पुन्हां कडक शिस्तीची, पण आंतून हळवी अशी परिचारिका केलें. तिचेंहि आडनांव डीसाच!

नायिकेची सद्दी फार तर दहा-पंधरा वर्षांची. तिच्या बरोबरीच्या कित्येक तारका विस्मरणांत गेल्या. चरित्र-अभिनेत्रीला वयाचें भय नसतें, उलट वयच तिला नवें काम देतें. ललिताबाईंच्या चित्रपटांची संख्या सातशेंच्या घरांत सांगितली जाते. यांतल्या पुष्कळ भूमिका एकाच सांच्याच्या होत्या हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. पोटासाठीं काम करणाऱ्या कलावंताला निवड नेहमींच परवडते असें नाहीं.

1987 सालच्या जानेवारींत रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही मालिका दूरदर्शनवर सुरू झाली. रविवारीं सकाळीं रस्ते ओस पडत. तींत सत्तरी गांठलेल्या ललिताबाई मंथरा झाल्या. आनंदीबाईपासून मंथरेपर्यंत, राजवाड्यांत कानगोष्टींनीं अनर्थ घडविणारी बाई त्यांच्याच वाट्याला आली! पण वाल्मीकींच्या मंथरेचाहि विचार करावा. ती माहेराहून कैकेयीबरोबर आलेली दासी. तिचें सारें भवितव्य मालकिणीच्या भाग्यावर अवलंबून. बाईंच्या मंथरेंत कपटाइतकीच ही भीतीहि दिसते, आणि म्हणून ती नुसती कुबडी दुष्टा राहत नाहीं.

24 फेब्रुवारी 1998 रोजीं पुण्यास औंध येथें त्यांचें निधन झालें. 2020 च्या टाळेबंदींत दूरदर्शननें तेंच ‘रामायण’ पुन्हां दाखविलें, तेव्हां ज्यांनीं त्यांचा एकहि चित्रपट पाहिला नव्हता अशीं मुलें मंथरेला पाहून आजीच्या पदराआड दडलीं असतील. आजीला मात्र मिसेस डीसा आठवली असेल.