‘मला घरी जायचंय’ : एका उत्तराचा इतिहास

दिवेलागणीला स्मृतिभ्रंश झालेली आई पर्स घेऊन दाराशी येते आणि म्हणते, “चल, मला घरी सोड.” त्याच घरात ती तीस वर्षं राहतेय. आपल्या तोंडून पटकन निघतं, “अगं आई, हेच तर तुझं घर!” आज या उत्तराचीच गोष्ट.

एके काळी हे उत्तर म्हणजे रीतसर उपचार होता, बरं का. १९५८ साली अमेरिकेत, कॅन्ससमधल्या टोपेका इथे, माजी सैनिकांच्या रुग्णालयात डॉ. जेम्स फोल्सम यांनी ‘रिअ‍ॅलिटी ओरिएंटेशन’ची सुरुवात केली. वॉर्डात फळा लावायचा. त्यावर वार, तारीख, हवामान, पुढचं जेवण. माणूस चुकला की कर्मचाऱ्यांनी दुरुस्त करायचं. हेतू वाईट नव्हता. कोणीतरी निदान त्या म्हाताऱ्यांशी बोलत तरी होतं! पण तारीख सांगणं वेगळं आणि नव्वदीच्या बाईला “तुझी आई कधीच गेली” हे रोज सांगणं वेगळं. तिला कालचं आठवत नाही, त्यामुळे आई तिच्यासाठी दर वेळी नव्यानेच जाते.

हे खटकलं नेओमी फाइल यांना. जन्म १९३२चा, म्युनिकचा. नाझी राजवटीतून निसटलेलं ज्यू कुटुंब. अमेरिकेत क्लीव्हलंडच्या ज्या वृद्धाश्रमात आईवडील काम करायचे, तिथेच त्या लहानाच्या मोठ्या झाल्या. १९६३पासून त्यांनी स्वतःची पद्धत घडवली : ‘व्हॅलिडेशन’. दुरुस्त करू नका, खोटंही बोलू नका, विचारा. घरी कोण असतं? काय करायचीस तिथे? फक्त ‘का’ विचारू नका, कारण त्याचं उत्तर देता येत नाही आणि माणूस आणखी गोंधळतो. आता शास्त्रीय पुरावा म्हणाल, तर २००३च्या कोक्रेन आढाव्याला तो पुरेसा वाटला नाही. तरी प्रश्न मोलाचे आहेत. आपल्याकडे तर फारच. मराठी बाईचं ‘घरी’ म्हणजे सासर की माहेर, हे विचारल्याशिवाय कळणार कसं?

मग आला बसथांबा. २००८च्या सुमारास जर्मनीत ड्यूसेलडॉर्फच्या बेनराथ भागातल्या वृद्धाश्रमाने दारासमोर खराखुरा दिसणारा थांबा उभारला. बस कधीच येत नाही. घरी निघालेली माणसं पूर्वी शहरभर भरकटायची, पोलिसांना शोधावं लागायचं. आता ती बाकावर बसतात, जीव शांत होतो. मग कोणीतरी येऊन म्हणतं, बसला उशीर आहे, तोवर कॉफी घेऊ या. ही फसवणूक नाही का? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी १९९७ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या घातक वागणुकीची यादी केली होती, त्यात फसवणूक होतीच.

माझं विचाराल तर बाकावर शेजारी येऊन बसणाऱ्याला मी खोटारडा म्हणणार नाही. पण “उद्या नेतो हं” म्हणून रोज बोळवण करणं काही पटत नाही. त्यापेक्षा आधी भूक, लघवी, दुखणंखुपणं विचारावं. संध्याकाळी पुष्कळदा तेवढंच असतं. नाहीच भागलं तर चपला घालून दोघांनी कोपऱ्यापर्यंत जाऊन यावं, आणि वाटेत तिला बोलू द्यावं.