रुमालाखालचा भाव

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत किंवा हाळी-हंडरगुळीच्या बैलबाजारात सौदा चालू असतो तेव्हा आकडा कुणाच्याच कानावर पडत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात आणि आतल्या आत बोटं दाबून भाव सांगतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला जोडी केवढ्याला गेली ते कळत नाही. त्यामुळे विकणाऱ्याला एका गिऱ्हाइकासाठी खाली उतरता येतं आणि दुसऱ्यासमोर त्याचा भाव पडत नाही. धान्याच्या व्यापारात बाजार समित्यांनी उघड लिलाव आणला, जनावरांच्या बाजारात रुमाल टिकून राहिला.

एप्रिल 1998 मध्ये अमेरिकेतल्या एका कंपनीनं हाच रुमाल इंटरनेटवर टाकला. तिचं नाव प्राइसलाइन. संस्थापक जे वॉकर. कल्पना अशी, की विमानाच्या तिकिटाचा भाव प्रवाशानंच सांगायचा. कुठून कुठे जायचंय, कोणत्या तारखेला, किती पैसे देणार एवढं लिहायचं आणि क्रेडिट कार्डाचा नंबर आधीच द्यायचा. एखादी विमान कंपनी तेवढ्यात तयार झाली तर पैसे लगेच कापले जात. विमान कोणाचं आणि सुटणार किती वाजता, हे त्यानंतरच कळे. तिकीट परत करायची सोय नव्हती. या पद्धतीचं पेटंटही कंपनीनं ऑगस्ट 1998 मध्ये मिळवलं.

यातली मेख आमच्या माहूरच्या कुठल्याही लॉजवाल्याला समजावून सांगावी लागणार नाही. नवरात्रात आणि दत्तजयंतीला गडाखाली खोली मिळत नाही. एरवी आडवारी निम्म्या खोल्या रिकाम्या असतात. रात्री उशिराच्या एसटीनं उतरलेलं कुटुंब दारात आलं, की मालक हळू आवाजात कमी भाव सांगतो, कारण सकाळ झाली की त्या रिकाम्या खोलीची किंमत शून्य. फलकावरचा दर मात्र तो खोडत नाही. खोडला तर उद्या सगळेच तेवढ्यात मागतील.

विमानाच्या सीटचंही तसंच असतं. विमान उडालं की रिकामी सीट वाया गेली. ती स्वस्तात विकायला कंपनी तयार असते, फक्त पूर्ण भाडं भरणाऱ्या ऑफिसच्या प्रवाशाला ते कळता कामा नये. वेळ आणि कंपनी लपवली की तो प्रवासी या वाटेला जातच नाही, त्याला मीटिंगला वेळेवर पोचायचं असतं. म्हणजे ही पद्धत चालायला तीन गोष्टी लागतात : माल नासणारा हवा, विकणाऱ्याला खाली उतरण्यात स्वतःचा फायदा हवा आणि भाव झाकलेला राहायला हवा.

मार्च 1999 मध्ये प्राइसलाइनचा आयपीओ आला. शेअर 16 डॉलरला दिला होता, पहिल्या दिवशी तो 69 वर बंद झाला. कंपनीची बाजारातली किंमत सुमारे 10 अब्ज डॉलर झाली. एकही विमान नसलेली ही कंपनी कागदावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या विमान कंपन्यांहून महाग ठरली. महिन्याभरात शेअर 160 च्या वर गेला. पण 1998 च्या हिशेबात एक ओळ सगळ्यांना वाचता येत होती. वर्षाचं उत्पन्न साडेतीन कोटी डॉलर आणि विकलेल्या तिकिटांची खरेदी त्याहून जास्त. गिऱ्हाइकानं सांगितलेला भाव आणि खरा भाव यांतला फरक बऱ्याचदा कंपनीच भरत होती. जाहिराती आणि पगार त्यानंतरचे.

एवढं होऊनही वॉकरनं मैदान वाढवलं. हॉटेल, भाड्याची गाडी इथवर ठीक होतं, त्या खोल्या आणि गाड्याही रिकाम्या पडून असतात. पुढे नव्या गाड्या, गृहकर्ज, लांब पल्ल्याचे फोन कॉल आले. नोव्हेंबर 1999 मध्ये वेबहाउस क्लब नावाची वेगळी कंपनी किराणा विकू लागली. साबण, दूध, बिस्किटं यांचा भाव घरी बसून सांगायचा, पैसे भरायचे आणि नेहमीच्या सुपरमार्केटमधून सामान उचलायचं. 2000 मध्ये त्यात पेट्रोलचीही भर पडली.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हा मोह लगेच ओळखू येतो. कोडच्या नजरेतून तिकीट आणि साबण एकच असतात. मागणी आली, भाव जुळला, पैसे कापले. डेटाबेसमध्ये एक नवा प्रकार वाढवायचा, झालं. पण साबण रात्रीतून नासत नाही. आज गेला नाही तर उद्या पूर्ण भावात जाईल. मग बनवणारा खाली का उतरेल? मोठ्या उत्पादकांनी सूट द्यायला नकार दिला आणि फरक पुन्हा गुंतवणूकदारांच्या पैशातून भरला जाऊ लागला. लोक खूश होते, कारण त्यांच्या किराण्याचं अर्धं बिल दुसराच कोणीतरी देत होता. ऑक्टोबर 2000 मध्ये वेबहाउसनं गाशा गुंडाळला. 30 कोटी डॉलरहून अधिक भांडवल त्यात गेलं. 2000 संपताना प्राइसलाइनचा शेअर दीड डॉलरच्याही खाली होता. शिखरावर गुंतवलेल्या 100 रुपयांचे जेमतेम 80 पैसे.

कंपनी मात्र बुडाली नाही. ती परत प्रवासाकडे वळली आणि 2005 मध्ये तिनं नेदरलँड्समधली बुकिंग ही कंपनी सुमारे 13 कोटी डॉलरला घेतली. बुकिंगची रीत अगदी साधी होती. भाव हॉटेलवाला ठरवणार, तो सगळ्यांना दिसणार आणि खोली गेली की कंपनीला कमिशन मिळणार. रुमाल नाही, पदरचे पैसे घालणं नाही. याच साध्या धंद्यानं पुढे अख्खी कंपनी तारली. विमान तिकिटाचा भाव सांगायची मूळ सोय 2016 मध्ये बंद झाली. 2018 मध्ये मूळ कंपनीचं नावच बुकिंग होल्डिंग्ज झालं.

ही गोष्ट बऱ्याचदा ‘धीर धरा, सोनं होतं’ असं सांगायला वापरली जाते. हिशेब थोडा वेगळा आहे. 2003 मध्ये कंपनीनं सहा शेअरचा एक केला. म्हणजे 1999 मध्ये 162 डॉलरला घेणाऱ्याला नुसतं मुद्दल परत मिळायलाच नवा शेअर 972 वर जायला हवा होता. शेअरनं 1,000 चा आकडा ओलांडला तो सप्टेंबर 2013 मध्ये. 14 वर्षं. तेवढ्यात शाळेत घातलेलं पोर कॉलेजात जातं.

आज नांदेड-लातूरच्या पोरांच्या मोबाइलमध्ये डीमॅट खातं आहे आणि प्रवासाची अॅप चालवणाऱ्या कंपन्या आपल्याच बाजारात आहेत. ईझमायट्रिप 2021 मध्ये 187 रुपयांच्या भावानं आली. विमानाची तिकिटं विकणाऱ्या या कंपनीनं 2024 मध्ये इलेक्ट्रिक बस बनवण्यासाठी उपकंपनी काढायचं आणि आरोग्यसेवेतल्या कंपन्यांत हिस्सा घ्यायचं जाहीर केलं. असे विस्तार आणखीही होतील, त्यातले काही चालतीलही. बुकिंग विकत घेणं हाही विस्तारच होता.

म्हणून ‘नवीन सेवा सुरू’ ही बातमी वाचून खरेदीचं बटण दाबण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. जुन्या धंद्यात जे कारण नफा देत होतं, ते नव्या मालात आहे का? आणि गिऱ्हाइकाला जे स्वस्त मिळतंय, त्यातला फरक कोण भरतंय? लॉजवाला भरत असेल तर त्याचा त्यात फायदा आहे, कारण त्याची खोली रिकामी जाणार होती. दुसरं कोणी भरत नसेल, तर तो भरणारे आपण, शेअरहोल्डर.