ल्यूसी फ्लेकची दैनंदिनी

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात स्नोफ्लेक नावाचे गाव आहे. नाव ऐकून हिमकण आठवतो. परंतु इरॅस्टस स्नो हा मॉर्मन पंथाचा धर्माधिकारी आणि विल्यम फ्लेक हा गुरांचा मालक, यांच्या आडनावांचा संधी होऊन ते नाव सिद्ध झाले आहे. गावाच्या नावात फ्लेकची पत्नी ल्यूसी हिला स्थान नाही. तिची ओळख व्हावी ती तिच्या दैनंदिनीतून.

मॉर्मन पंथ १८३० साली न्यूयॉर्क प्रांतात जन्मला. संस्थापक जोसेफ स्मिथ याची १८४४ त जमावाने हत्या केली आणि १८४७ त ब्रिगहॅम यंग याने अनुयायांना यूटाच्या खारट सरोवराकाठी नेले. ल्यूसी १८४२ साली इलिनॉयमध्ये जन्मली, बालपणीच यूटात आली आणि १८५८ त, सोळाव्या वर्षी, विल्यमची पत्नी झाली.

पंथात तेव्हा बहुपत्नीत्व धर्मकृत्य मानले जाई. १८६८ त विल्यमने प्रूडन्स कार्चनर हिच्याशी दुसरा विवाह केला. ‘सवत’ या शब्दात काय दडलेले असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. या विवाहविधीत पहिल्या पत्नीनेच नव्या वधूचा हात पतीच्या हाती द्यावयाचा असे! ज्यात स्त्रीला स्वतःचे दुःख स्वतःच्या हाताने अर्पण करावे लागते, असा धर्म आम्हांस कठोरच वाटतो. पुढे याच विवाहापायी विल्यमला युमाच्या तुरुंगात सहा महिने काढावे लागले.

१८७७ त पंथाच्या आज्ञेवरून हे कुटुंब गाड्या आणि गुरे घेऊन ॲरिझोनाकडे निघाले. लिटल कोलोरॅडो नदीवर वसाहतवाल्यांनी बांध घालावेत आणि पुराने ते फोडून न्यावेत, असा क्रम चालला. अखेर १८७८ त विल्यमने सिल्व्हर क्रीक ओढ्याकाठचा स्टिन्सन याचा गुरांचा मळा विकत घेतला. किंमत गुरांच्या रूपाने फेडावयाची होती. तेथेच स्नोफ्लेक वसले.

१८९६ च्या एका नोंदीत ल्यूसीने पहाटेची कामे लिहिली आहेत : कोंबड्या सोडल्या, पाणी शेंदले, चूल पेटविली, बटाटे शिजत घातले, जमिनीवरची अर्धा इंच धूळ झाडली, पिल्लांस दाणे टाकले, न्याहारी केली, धारा काढल्या आणि वासरांमागे अर्धा मैल चालत गेली. तक्रारीचा सूर नाही. तेरा अपत्यांची ही माता. त्यांपैकी चार्ल्स १८९२ त एका फरारी गुन्हेगाराच्या गोळीस बळी पडलेला. कीर्तीचा विचार मनात आणून कोणी धुळीची जाडी लिहून ठेवीत नाही, म्हणूनच आम्हांस ही नोंद पराक्रमवर्णनांहून अधिक विश्वसनीय वाटते.

१९०० साली ल्यूसी निवर्तली. तिचे आत्मवृत्त तिची कन्या रॉबर्टा क्लेटन हिने पुस्तकरूपाने आणले; आणि ॲरिझोनात वसाहती उभारणाऱ्या इतर स्त्रियांची चरित्रेही तिनेच गोळा केली.