बकलबरीचे एकात एक बसणारे वाडगे

इंग्लंडच्या बर्कशर परगण्यात बकलबरी नावाचं मोठं गायरान आहे. तिथल्या एका झोपडीत जॉर्ज लेली पायाने चालवायच्या लेथवर एल्मच्या लाकडाचे वाडगे कातायचा. प्रवासलेखक एच. व्ही. मॉर्टन यांनी त्याला गाठलं आणि १९२७ च्या ‘इन सर्च ऑफ इंग्लंड’मध्ये त्याच्याबद्दल लिहिलं. १८६९ साली जन्मलेला लेली १९५८ मध्ये वारला. त्या पद्धतीने वाडगे कातून पोट भरणारा तो तिथला शेवटचा कारागीर.

त्याचा लेथ अगदी साधा होता. जाड लाकडी चौकट, ठोकळा पेलणारी दोन अणकुचीदार टोकं आणि डोक्यावर एक लवचीक दांडा. दांड्याला बांधलेला पट्टा ठोकळा फिरवणाऱ्या धुऱ्याला वेढे घेऊन खाली पायपट्टीपर्यंत येई. पाय दाबला की लाकूड कारागिराकडे फिरे आणि तेवढ्यात हत्यार चालवायचं. पाय सैल सोडला की दांडा पट्टा वर खेची आणि लाकूड उलटं फिरे. तेव्हा धार अलगद दूर धरायची. निम्मा वेळ असा कापण्याविना जाई, तरी याच लेथने युरोपात शतकानुशतकं घरोघरची ताटं-वाडगे पुरवले.

लेलीचं खरं भांडवल मात्र त्याची हत्यारं होती. लांब दांड्याच्या, टोकाशी वळवलेल्या त्या आकड्या. आकडी ठोकळ्यात वक्र घुसवत नेली की बाहेरचा वाडगा सुटा होई आणि आतल्या गाभ्यातून त्याहून धाकटा वाडगा निघे, मग त्याच्याही आतून आणखी एक. सरळ पटाशीने कातलं असतं तर हे सगळं लाकूड भुशात गेलं असतं.

लेलीमागे त्याचा लेथ आणि हत्यारं रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात पोहोचली. पुढे रॉबिन वुड या कारागिराने त्यांचा बारकाईने अभ्यास करून हे काम पुन्हा उभं केलं. तशा आकड्या बाजारात मिळत नव्हत्या, म्हणून तो लोहारकाम शिकला.

पहिला लेथ घ्यायला निघालेल्याने लेलीकडे जरूर पाहावं: यंत्र साधं, पण काम ठरलेलं आणि हत्यारं त्या कामाची. दुकानात पहिला प्रश्न मोटरच्या ताकदीचा निघतो, पण त्याआधी काय कातायचं ते ठरलेलं हवं. लाटणी नि खुर्ची-टेबलांचे पाय कातायचे तर दोन टोकांमधली लांबी पाहायची. वाडग्यांसाठी धुऱ्यापासून खालच्या पाट्यापर्यंतचं अंतर, कारण त्याच्या दुपटीहून मोठा ठोकळा त्यावर फिरूच शकत नाही. ओबडधोबड ठोकळा फिरताना हादरे देतो, तेव्हा ओतीव लोखंडाचा जड लेथ आणि वेग अगदी कमी करता येण्याची सोय, या दोन गोष्टींवर तडजोड करू नये. धुऱ्याचे आटे सर्रास मिळणाऱ्या मापाचे असले की पुढे लाकूड पकडणारा चक शोधताना वणवण होत नाही.

आणि सगळे पैसे यंत्रातच ओतू नयेत. चार जबड्यांचा चक, दोन-तीन चांगल्या पटाश्या, चेहरा झाकणारी ढाल आणि धार लावायचा ग्राइंडर यांच्यासाठी रक्कम आधीच बाजूला काढावी. त्यातही ग्राइंडर पहिला, कारण फिरत्या लाकडावर पटाशीची धार काही मिनिटांतच मरते आणि बोथट पटाशी लाकडात अडकून उसळते.