फ्रँकलिनचा आखाती प्रवाहाचा नकाशा

अस्सल कागद हरवला म्हणजे मागाहून झालेल्या नकलेसच मूळ मानण्याचा प्रसंग संशोधकांवर वारंवार येतो. बखरींच्या अभ्यासकांस हा अनुभव नवा नाहीं. अटलांटिक महासागरांतील 'गल्फ स्ट्रीम' ह्या उष्ण प्रवाहाच्या एका जुन्या नकाशाबाबत हेंच घडलें. त्याची हकीकत येथें थोडक्यांत देतों.

बेंजामिन फ्रँकलिन हा अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींच्या टपालखात्याचा अधिकारी असून लंडनांत राहात होता. फॉलमथहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या टपालाच्या जहाजांस, लंडनहून ऱ्होड आयलंडला जाणाऱ्या व्यापारी जहाजांपेक्षां सुमारें पंधरवडा अधिक लागतो, अशी तक्रार आली. फ्रँकलिननें आपल्या मातुल घराण्यांतील टिमथी फोल्जर ह्या नँटकेट बेटावरील कप्तानास कारण विचारलें. फोल्जर म्हणाला, देवमासे ह्या प्रवाहाच्या कडेनें फिरतात, आंत शिरत नाहींत. म्हणून त्यांची शिकार करणारांस त्याच्या दोन्ही कडा पाठ आहेत. इंग्रज कप्तान मात्र ताशीं तीन मैलांच्या ओघाविरुद्ध जहाज हाकीत राहतात, आणि कोळ्यांनीं सांगितलेलें ऐकत नाहींत. वारा मंद असल्यास जहाज जितकें पुढें जातें त्याहून अधिक मागें वाहून जातें. फोल्जरनें प्रवाहाची आकृति काढून दिली. ती एका जुन्या सागरी नकाशावर कोरून लंडनच्या माउंट आणि पेज ह्यांनीं छापली. तथापि टपालाच्या कप्तानांनीं तिची पर्वा केली नाहीं.

आतां कालनिर्णयाचा प्रश्न. फ्रँकलिननें ही हकीकत इ. स. १७८५ च्या ऑगस्टांत, वयाच्या ७९ व्या वर्षीं, जहाजावरून लिहिलेल्या एका दीर्घ पत्रांत दिली आहे. तींत तो १७६९ किंवा १७७० हें साल सांगतो. परंतु टपालखात्याचे चिटणीस अँथनी टॉड ह्यांस त्यानें ता. २९ ऑक्टोबर १७६८ रोजीं पाठविलेलें पत्र उपलब्ध आहे, आणि त्यांत फोल्जरची माहिती आधींच आलेली आहे. समकालीन पत्र आणि सोळा-सतरा वर्षांनंतरची आठवण ह्यांत विरोध आला असतां पत्रच ग्राह्य, हें निराळें सांगणें नको.

मूळ नकाशा पुढें कोणास मिळेना. १७८६ त फिलाडेल्फिया येथें वरील पत्राबरोबर छापलेली आवृत्तिच सर्वत्र उद्धृत होऊं लागली. अखेर १९७८ त फिलिप रिचर्डसन ह्या सागरशास्त्रज्ञास पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत मूळ छापाच्या दोन प्रती आढळल्या. १९८० त त्यानें हें प्रसिद्ध केलें. ताडून पाहतां, १७८६ चा नकाशा निराळ्या प्रक्षेपावर नव्यानें काढलेला ठरला. म्हणजे फोल्जरची रेषा म्हणून जी दाखविली जाई, ती त्याच्या हातची नव्हे.

फ्रँकलिनच्या उपपत्तीचेंही असेंच तारतम्य पाहिलें पाहिजे. १७७५ पासूनच्या सफरींत त्यानें थर्मामीटर बुडवून प्रवाहाचें पाणी भोंवतालच्या पाण्याहून उष्ण असल्याचें नोंदविलें. तें निरीक्षण आजही खरें आहे. व्यापारी वारे पाणी पश्चिमेकडे लोटून त्याची रास करतात व तें उतारानें वाहतें, हें त्याचें अनुमान अपुरें होतें. वारा हें कारण खरेंच. परंतु ओघ महासागराच्या पश्चिम कांठालाच अरुंद आणि वेगवान कां होतो, ह्याचें समाधान हेन्री स्टॉमेल ह्यानें १९४८ त दिलें. पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम अक्षांशाप्रमाणें बदलतो, हें त्याचें मर्म होय.

समुद्राचें हें ज्ञान प्रथम कोळ्यांच्या हातीं होतें, आणि तें टिकलें एका छापील कागदामुळें. ज्यांच्या संग्रहीं एकाच कागदाच्या दोन प्रती असतील, त्यांनीं दुसरी निरुपयोगी समजून टाकूं नये, इतकीच आमची विनंती आहे.